कितवा नंबर आला?

मराठी घरात स्पर्धेचा विषय निघाला की मागोमाग 'कितवा नंबर?' हा प्रश्न येतोच. स्कॉलरशिपची परीक्षा असो, गणपतीतली रांगोळी असो की हळदीकुंकवाला हौसेनं घेतलेली उखाण्यांची चढाओढ असो. पहिल्या तिघांना बक्षीस, चौथ्याला उत्तेजनार्थ, आणि बाकी सगळ्यांना 'भाग घेतला हेच महत्त्वाचं'. या शेवटच्या वाक्याचा खरा अर्थ आपल्याकडे पोरांना बालवाडीतच कळतो.

त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर मी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळणार असं जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी जे विचारलं ते अगदी रास्त होतं.

"नंबर येईल का गं?"

"येईल की आई. पण हजारांतला."

"मग कशाला?"

हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला, पण तो डोक्यातून गेला नाही. पुढे कित्येक पहाटे वेताळ टेकडीवर तो माझ्या बरोबरीनं पळत होता; खरं सांगायचं तर माझ्या पुढेच होता. टेकडीवर माझ्या पुढे असणं फारसं अवघड नाही. पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कानटोपी घातलेले, म्युच्युअल फंडांवर वाद घालत चाललेले निवृत्त गृहस्थ मला मागे टाकून जात, आणि जाताना 'चालू द्या' म्हणत. मी पळते आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं नसे. मनगटावरच्या घड्याळाचंही तेच. त्यात माणूस थांबला की मोजणी आपोआप थांबवायची सोय आहे. चढावर मी जीव तोडून पळत असताना ते किणकिणून सांगे, आपण थांबला आहात. सिग्नलला उभ्या राहणाऱ्यांसाठी ही सोय उपयोगी असेल. मी ती बंद करून टाकली. घरातल्यांनी शंका घ्यावी, घड्याळानं घेऊ नये.

सावकाश पळण्यालाही मोठ्या माणसांचा आधार आहे, हे वाचनात आल्यावर जरा धीर आला. मी कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे कुठल्याही संकटात आधी पुस्तकाकडे धाव घेते, आणि ती धाव मात्र चपळ असते. जपानच्या फुकुओका विद्यापीठातल्या हिरोआकी तानाकांनी हळू पळण्याचा अभ्यास केला आणि चेहऱ्यावर हसू टिकेल इतक्याच वेगानं पळावं, असं सांगितलं. शास्त्र उत्तम आहे. फक्त पुण्यात पहाटेच्या अंधारात एकट्यानं हसत पळणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, याचा विचार त्यात नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेल्या अमेरिकेच्या जेफ गॅलोवेंनी तर थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा पळा अशी रीतच घालून दिली. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच चालायचं. हे मला इतकं पटलं की पुष्कळदा मी पळायच्याही आधी चालत असे.

टेकडीवरून घरी येण्याचा माझा रस्ता डेक्कन जिमखान्यावरून जातो. तिथं आले की मला फडेप्पा चौगुले आठवतात. शंभर वर्षांपूर्वी जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती. दोराबजी टाटांनी ते पाहिलं आणि यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे, असं मनावर घेतलं. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या त्या चिमुकल्या भारतीय चमूत बेळगावकडचे चौगुले होते. ते मॅरेथॉन पळाले, पूर्ण केली, दोन तास पन्नास मिनिटं आणि वर काही सेकंदांत. नंबर एकोणिसावा. बोटीनं इतक्या लांब जायचं, परक्या थंड मुलखात, परक्या रस्त्यावर बेचाळीस किलोमीटरच्याही वर पळायचं आणि जगात एकोणिसावं यायचं! आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे? तिसऱ्या नंबरानंतर मोजणं सोडून द्यायची सवय असली की एकोणिसाव्यापर्यंत पोचणार कोण?

माझा खरा कुलपुरुष मात्र जपानी आहे. शिझो कानाकुरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळत होते. त्या दिवशी भयंकर उकाडा होता. वाटेत एका बागेत काही मंडळी खात-पीत बसलेली दिसली, तेव्हा हे आत शिरले, काहीतरी गार प्याले, आणि शर्यतीच्या अधिकाऱ्यांना न सांगता परस्पर मायदेशी निघून गेले. स्वीडनच्या दप्तरी ते बेपत्ता राहिले. १९६७ मध्ये त्यांना पुन्हा बोलावून उरलेली शर्यत पूर्ण करायला लावली. अधिकृत वेळ : चोपन्न वर्षं, आठ महिने, सहा दिवस, पाच तास, बत्तीस मिनिटं आणि वीस पूर्णांक तीन दशांश सेकंद. मधल्या काळात लग्न झालं, सहा मुलं झाली, दहा नातवंडं झाली, असं ते तेव्हा म्हणाल्याचं सांगतात. त्या दशांश सेकंदाचं मला फार कौतुक वाटतं. चोपन्न वर्षं उशिरा आलेल्या माणसाचीही वेळ दशांशापर्यंत मोजणारे लोक 'मग कशाला?' असं विचारत नसणार.

साताऱ्याची ही शर्यत २०१२ पासून होते आहे. पावसाळा उतरणीला लागलेला असतो, घाट हिरवा असतो आणि गावाच्या डोक्यावर ढग असतात. रस्ता सरळ आहे, म्हणजे समजायला सरळ. गावातून समर्थ मंदिर, बोगदा, तिथून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं, वर गेलं की वळायचं आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं. एकवीस किलोमीटर आणि वर जवळजवळ शंभर मीटर. हे शेवटचे शंभर मीटर कुणी आणि का वाढवले, हा विचार शेवटचे शंभर मीटर पळतानाच सुचतो. कासची फुलं मात्र या वाटेवर दिसत नाहीत, पठार अजून बरंच पुढे आहे. आल्यापासून निम्म्या नातेवाइकांनी मला फुलांचे फोटो मागितले आहेत.

या शर्यतीच्या नावावर गिनीजचा एक विक्रमही आहे, २०१५ चा. एका डोंगरावर एकाच वेळी सर्वांत जास्त माणसं पळाल्याचा. तो करताना डोकी मोजली गेली, आणि डोकी मोजायची म्हटल्यावर पुढचं एक आणि मागचं एक यांची किंमत सारखीच झाली. मला आवडलेला हा एकमेव जागतिक विक्रम.

सुरुवातीचं ढोल-ताशे, सेल्फी वगैरे सोडून देते. ते सगळ्याच शर्यतींना असतं. बोगदा मागे पडून घाट सुरू झाला की माणसं आपापल्या लायकीप्रमाणे विरळ होत जातात. मागे उरलेल्यांत मला फलटणचे एक निवृत्त एसटी कंडक्टर भेटले. ते घाटाच्या वळणांना टप्पे म्हणत आणि एकेक टप्पा मनातल्या मनात तिकिटासारखा फाडत. "तीस वर्षं लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणालो ताई, आता स्वतः सरकतोय." पुढे पळणाऱ्यांना असं बोलायला श्वास पुरत नाही. मागे गप्पा होतात. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न, गुडघ्यावर लावायचं कुठलं तेल चांगलं, फलटणचा उन्हाळा, एवढं सगळं आमचं दोन टप्प्यांत झालं.

आणि मग वरून आवाज आला, "साइड, साइड!" पुढे मोटरसायकल आणि तिच्या मागे शर्यतीतला पहिला माणूस उतारावरून येत होता. आमचा चढ अजून पुष्कळ बाकी होता आणि त्याचा सगळा उतरत आला होता. त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. तो काहीच बघत नव्हता. त्याच्या समोर फक्त मोटरसायकलचं धुराडं होतं. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, मग पाच-सहा जण, मग बायकांतली पहिली, मग एकामागून एक माणसांची रांगच. दात-ओठ खाणारे, गाणी म्हणणारे, पोटऱ्यांना पट्ट्या लावलेले, एका पायानं लंगडणारा आणि तरी थांबायला तयार नसलेला एक पोरगा. जाऊन त्याच रस्त्यानं परत यायच्या शर्यतीची ही गंमत आहे. पहिल्या येणाऱ्याला शर्यत दिसतच नाही. सगळ्यांत मागे असलेल्याला ती पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येक चेहऱ्यासकट दिसते. आई, कशाला म्हणाल तर यासाठी.

मागे असण्याचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. पाण्याच्या टेबलापाशी आम्ही पोचेपर्यंत रस्त्यावर चिरडलेल्या कागदी पेल्यांचा आणि केळ्याच्या सालींचा चिखल झालेला असतो. संत्र्याच्या फोडी संपलेल्या असतात, मीठ तेवढं उरलेलं असतं. मागून एक रुग्णवाहिका पायी चालल्याच्या वेगानं येत असते. तिचा चालक भला माणूस होता. दर थोड्या वेळानं खिडकीतून डोकं काढून तो विचारी, "बसता का मॅडम?" कंडक्टरांनी त्याला सांगितलं, "आमच्याकडे पास आहे."

आणि रस्त्याकडेचे लोक. सातारकर पाऊस असो, धुकं असो, रस्त्यावर उभे राहतात. शाळेची मुलं लेझीम खेळतात, टाळीसाठी हात पुढे करून ठेवतात, आजीबाई वाटीतून गूळ देतात. एका आजींनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "थोडंच राहिलंय बाई." तेव्हा मी चढाच्या मध्यावर होते. पुढच्या वळणावर एक पोलीस म्हणाला, "आलंच, थोडंच राहिलं." त्यापुढच्या वळणावर तेच. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे अंतर ठाऊक असतं. गडाची वाट विचारली की खालच्या वाडीतला माणूस 'हे काय, इथंच' म्हणतो आणि त्या 'इथंच' मध्ये दोन तास जातात.

उतार सोपा, असं चढताना वाटतं. तसं नसतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरत असतो. त्यात त्याला बारीक बारीक इजा होतात आणि त्यांचं दुखणं त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. दुसऱ्या दिवशी मी जिना उलटा उतरले. भारतीय पद्धतीच्या संडासाबद्दल सभ्य मासिकात लिहिता येत नाही, वाचकांनी समजून घ्यावं.

वेळेच्या मर्यादेत मी आले, पण जेमतेम. मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही. गावाला रस्ता परत हवा असतो, दूधवाल्याला जायचं असतं. पदक सगळ्यांना सारखंच देतात, वजनालाही सारखंच. घरी आल्यावर सासूबाईंनी फोटो पाहिला. छातीवर पिनांनी लावलेल्या बिबवर चार आकडी नंबर होता. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि शेजारच्या काकूंना कळवला. तो नंबर पळायच्या आधीच दिलेला असतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण खरा नंबर त्याहून मोठा निघण्याची शक्यता आहे.

याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातलं मोही नावाचं दुष्काळी गाव आहे, ललिता बाबरचं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय बाई दिसली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट तेव्हा. ललिता दहावी आली. तेव्हा आमच्या सोसायटीत एकजण हळहळून म्हणाला होता, "दहावीच?" त्याला एकदा यवतेश्वरच्या घाटात पळायला नेण्याची माझी फार इच्छा आहे.

पुढच्या वर्षी तुम्ही साताऱ्यात असाल आणि पळणार नसाल, तरी त्या सकाळी रस्त्यावर या. पहिले गेले म्हणून घरी जाऊ नका, आम्ही अजून यायचे असतो. टाळीचा हात तसाच ठेवा आणि संत्र्याच्या चार फोडी झाकून ठेवा. फक्त 'थोडंच राहिलंय' म्हणू नका. किती किलोमीटर राहिलेत ते खरं खरं सांगा.