चेहरा काकांचा, तोंड वाघाचं

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक एआय-काका सापडतातच. वय साठीच्या पुढे, नोकरी बँकेतली किंवा वीज मंडळातली, आणि कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत काम केल्याची आठवण अजून ताजी. काम म्हणजे बहुधा दुसऱ्या हवालदाराचं. पण दिग्दर्शकानं आपल्या चेहऱ्याचा उपयोगच करून घेतला नाही, ही खंत काकांनी रिटायर होईपर्यंत उराशी जपलेली.

ती अखेर एका अमेरिकन कंपनीनं दूर केली. रनवेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅक्ट-वन नावाचं साधन आणलं. कॅमेऱ्यासमोर बसून हावभाव करायचे, सोबत एखाद्या पात्राचं चित्र द्यायचं. चित्रातलं पात्र तेच हावभाव करून दाखवतं. ‘अवतार’च्या (२००९) वेळी नटांच्या डोक्याला छोटा कॅमेरा बांधून चेहऱ्यावर हिरवे ठिपके काढावे लागले होते. काकांना तूरडाळीचा डबा पुरतो. त्याला मोबाइल टेकवला की स्टुडिओ तयार.

खरी पंचाईत सूचनांची. चेहरा समोर हवा, उजेड सगळीकडून सारखा हवा, मान फार हलवायची नाही. काकांची तालीम झालेली भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी. त्यामुळे पहिल्याच खेपेला त्यांनी दिलेल्या चित्रातल्या वाघाच्या भुवया कानापर्यंत चढल्या. नंतरच्या खेपेला ‘हो’ म्हणताना मान अशी डोलली की वाघाचं नाक मिशीत मिसळलं. आणि बोलता बोलता घसरलेला चष्मा वर सरकवायला हात तोंडापुढे आला, तेव्हा जबड्याचा पार लगदा झाला. यंत्राला समोर चेहराच दिसेना, मग ते तरी काय करणार!

“माझ्याशी बोलताना यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आणि वाघापुढे बघा!”

काकूंचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. नाट्यशास्त्रात नजरेचे ३६ प्रकार दिले आहेत, भुवयांचे ७, तर नाक, गाल आणि खालचा ओठ यांचे प्रत्येकी ६. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची स्नायूंनुसार मोजदाद प्रसिद्ध केली. अ‍ॅपलच्या एआरकिट या सॉफ्टवेअरमध्ये अशा ५२ हालचाली वेगवेगळ्या टिपल्या जातात. डावा डोळा मिटणं वेगळं, उजवा मिटणं वेगळं, जीभ बाहेर काढणं आणखी वेगळं. काकांकडे यापैकी दोन आहेत, आश्चर्य आणि जास्त आश्चर्य. एक डोळा मिटायला गेले की दोन्ही मिटतात, आणि तोंड उघडतं ते वर.

शब्दभ्रमकार रामदास पाध्ये अर्धवटराव या बाहुल्याला बोलता करतात तेव्हा सगळी कला स्वतःचे ओठ न हलवण्यात असते. इथे उलटा कारभार. बाहुली जिवंत दिसावी म्हणून माणसानं दिवाणखान्यात एकट्यानं वेडीवाकडी तोंडं करायची. सकाळी दूध द्यायला आलेल्या पोऱ्यानं हे एकदा खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून तो पिशवी कडीला अडकवून जातो.

अ‍ॅक्ट-वनला एका वेळी जास्तीत जास्त ३० सेकंदांचा अभिनय चालायचा. काकांचं तेवढ्यात नमनालाच घडाभर तेल संपायचं. शिवाय त्याला पैसे पडायचे. म्हणून पुतण्यानं त्यांना लाइव्हपोर्ट्रेट दाखवलं. क्वाइशौ या चिनी कंपनीच्या संशोधकांनी ते जुलै २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि पुढच्याच महिन्यात कुत्र्या-मांजरांचे चेहरेही हलवायची सोय दिली. पेन्शनरला ‘फुकट’ याहून मोठं तांत्रिक वैशिष्ट्य सांगता येणार नाही. सोसायटीतल्या प्रत्येक मांजरानं त्या आठवड्यात ग्रुपवर सुप्रभात केलं.

मग काकांनी भिंतीवरचे फोटो उतरवले. हा नाद त्यांचाच नाही म्हणा. मायहेरिटेज या कंपनीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये जुने फोटो हलवून दाखवायची सोय काढली, तेव्हा जगभरचे आजोबा माना वळवून हसले होते. पण ते हावभाव आधीच चित्रित केलेले असायचे आणि आजोबांना वाचा नसायची. खोट्या चित्रफिती निघू नयेत म्हणून कंपनीनं ती मुद्दामच दिली नव्हती. काकांच्या हाती आलेल्या आजोबांनी मात्र तोंड उघडलं आणि आत पांढरीशुभ्र बत्तिशी! फोटोत ओठ मिटलेले असले की आत काय आहे ते यंत्राला कळत नाही, ते आपल्या अंदाजानं दात बसवतं. आजोबांनी हयातीची शेवटची पंधरा वर्षं कण्या आणि मऊ भातावर काढली होती. आत्याबाई व्हिडिओ पाहून रडल्या. मग विचारलं, “हा कोण?”

इथवर सगळं घरातलं होतं. सेक्रेटरींचा फोटो घेतला तिथे काका चुकले. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री सेक्रेटरी ग्रुपवर चक्क हसले आणि काकांच्या आवाजात म्हणाले की यंदा मेंटेनन्स वाढणार नाही. सेक्रेटरींना हसताना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी निम्म्या सोसायटीनं विश्वास ठेवला. ऐकायला हवं ते ऐकू आलं की दात मोजत कोण बसतं! सभेत तो विषय पावणेदोन तास चालला. काकांनी माफी मागितली. तीही आश्चर्याच्या चेहऱ्यानं, दुसरा तयार नव्हता. गंमत बाजूला ठेवली तरी, दुसऱ्याच्या चेहऱ्यात आपलं बोलणं घालायचं तर आधी त्याला विचारायला हवं, हे सेक्रेटरींचं म्हणणं वाजवीच होतं.

जुलै २०२५ मध्ये रनवेचं अ‍ॅक्ट-टू आलं. ते हातवारे आणि अंगाची हालचालही उचलतं. काकांनी डाळीचा डबा आता शोकेसवर नेऊन ठेवला आहे, आणि दुपारी तीन ते पाच काकूंना हॉलमधून जायला बंदी आहे.

तुमच्या सोसायटीतल्या काकांनी फोटो मागितला तर कशासाठी हवा ते आधी विचारा. द्यायचाच झाला, तर दात दिसणारा द्या.