यांकीजचे औदार्य

फेब्रुवारी 2004 मध्ये न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने टेक्सास रेंजर्सच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला पदरात घेतले, याबद्दल समस्त बोस्टनकरांतर्फे त्यांचे जाहीर अभिनंदन. बोस्टनच्या रेड सॉक्सशी त्याची सोयरीक जवळजवळ जमली होती. पगार घटतो म्हणून खेळाडूंच्या संघटनेने ती मोडली. टेक्सासही दिलदार: बदल्यात अल्फोन्सो सोरियानो घेतला, पण रॉड्रिगेझच्या पगारापैकी 6 कोटी 70 लाख डॉलर हुंडा म्हणून कबूल केले. यापुढे दोन्ही बाजूंनी यांकीजनेच खेळावे, म्हणजे पराभवाची नामुष्की परक्यांवर येणार नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बोस्टनविरुद्ध 3-0 आघाडी घेऊन उरलेले चारही सामने त्यांनी उदारपणे सोडले. बोस्टनने 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. यांकीजने असे व्यवहार दरवर्षी करावेत, ही नम्र विनंती.