पुण्यतिथी ठरलेली गाडी

सिंगापुरात गाडी घ्यायची तर आधी गाडी घेण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. त्याला सीओई म्हणतात. १९९० पासूनची ही पद्धत. रस्त्यावर गाड्या किती असाव्यात ते सरकार ठरवतं आणि महिन्यातून दोनदा त्या हक्कांचा लिलाव करतं. २०२३ च्या ऑक्टोबरात लहान गाडीचा हक्क एक लाख सहा हजार डॉलरला गेला, मोठीचा दीड लाखाला. इथला डॉलर तेव्हा साठेक रुपयांचा होता; गुणाकार तुमचा तुम्ही करा. मी रक्तदाबापायी सोडलाय.

एवढं मोजूनही गाडी शोरूममध्येच उभी. तिची किंमत वेगळी, त्यावर अबकारी, जीएसटी आणि नोंदणीचा एक जादा कर, जो गाडीच्या मूळ किमतीइतक्यापासून सुरू होतो आणि महागड्या गाडीला बघता बघता वर चढतो. बरं, हक्क फक्त दहा वर्षांचा. पुढे गाडी ठेवायची तर त्या वेळच्या भावानं पुन्हा पैसे भरा, नाहीतर ती भंगारात द्या किंवा परदेशी धाडा. इंजिन कितीही ठणठणीत असो, आमची गाडी घरी आली तीच पुण्यतिथी ठरवून.

सातारचे मामा मुक्कामाला आले तेव्हा त्यांना हे पटवणं मला जमलं नाही. त्यांची बजाज चेतक १९८४ ची. डावीकडे कलती करून किक मारली की अजून सुरू होते. चालती गाडी मोडीत काढणं हे त्यांच्या हिशेबी पातक.

"पण ॲव्हरेज किती देते?" गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. तेवढ्यात ईआरपीची कमान आली.

गर्दीच्या रस्त्यांवर अशा कमानी आहेत. खालून गेलं की काचेपाशी बसवलेलं यंत्र टुं करतं आणि पैसे कापले जातात. वाटेत देऊळ लागलं असावं अशा समजुतीनं मामांनी पहिल्या दोन कमानींना चक्क हात जोडले. तिसरीच्या आधी मी खुलासा केला. मग ते प्रत्येक 'टुं'ला खिसा दाबून धरू लागले. दर वेळेनुसार बदलतो, हे कळल्यावर म्हणाले, "मग अलीकडेच थांब की, उतरू दे भाव." तशी वाट बघत रेंगाळणारे सज्जन इथेही आहेत. मामांना या शहराबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती तेव्हा.

एका रविवारी जोहोर बाहरूला निघालो. मलेशियात पेट्रोल स्वस्त, मध्ये फक्त एक बांधावरचा रस्ता. मामांनी बाटल्यांचा विषय काढण्याआधीच मी नियम सांगून टाकला: सिंगापूरची गाडी हद्दीबाहेर जाताना टाकी पाऊण भरलेली हवी. कमी असेल तर माघारी फिरवतात, शिवाय दंड होऊ शकतो. तिकडे तर अनुदानाचं सर्वांत स्वस्त पेट्रोल परदेशी गाड्यांना देतच नाहीत. मामा बराच वेळ काट्याकडे बघत होते. "दोन्ही सरकारांनी मिळून तुला पाव टाकी मोकळी ठेवलीय," ते म्हणाले. "तेवढ्यात काय भरायचं ते भर."

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी तोडगा काढला. पुढच्या वर्षी दहा वर्षं भरतात ना? मग गाडी सातारला पाठवून दे. उजव्या हाताचं स्टिअरिंग आहे, आपल्याकडे चालतंय. मी सांगितलं, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारत आत घेत नाही.

मामा गप्प झाले. बॅगेचं वजन करायचा काटा समोरच होता. त्यांनी तो उचलला.

"स्टेपनी किती किलोची असते रे?"