अंजिराचे अत्तर निवडताना आष्टीकरांनी घ्यावयाची खबरदारी

अंजिराच्या वासाच्या दोन बाटल्या जगात मातब्बर समजल्या जातात. पहिली लार्तिझाँ पारफ्युमरची ‘प्रमिए फिगिए’, १९९४ची. दुसरी दिप्तिकची ‘फिलोसिकोस’, १९९६ची. दोन्ही घराणी पॅरिसची आणि दोन्ही वास ऑलिव्हिया जियाकोबेती या एकाच बाईंनी रचलेले. म्हणजे यातले सरस कोणते हा वाद सख्ख्या भावांचा, धुऱ्यावरचा. तो मिटवायला बाहेरच्या माणसाने पडू नये, हे विदर्भातल्या आष्टीत सांगायला नको. तरी पडायचेच असेल तर पुढे वाचा.

आधी सुक्या अंजिराची माळ डोक्यातून काढा. या बाटल्यांत फळापेक्षा झाडच जास्त आहे: हिरवे पान, चीक, खोड आणि थोडा नारळ. पानाचा अस्सल अर्क मात्र त्यात घालत नाहीत. तो अंगाला लागून वर ऊन पडले की कातडी भाजते, म्हणून सुगंध-उद्योगाच्या जागतिक संघटनेने तो वर्ज्य केला आहे. मे महिन्यात भर दुपारी एस्टीची वाट पाहणाऱ्यांनी या संघटनेचे आभार मानावेत.

आता फरक. ‘प्रमिए’ दुधाळ, बदामाकडे झुकणारा, मागून चंदन. ‘फिलोसिकोस’ कोरडा, पाना-लाकडाचा. ‘प्रमिए’च्या घटकांत हिंगही सांगितला जातो, पण यादी फार खोलात वाचू नये. उंबर फोडून केंबरं काढण्यात हशील नाही, आणि उंबर तर अंजिराचे भाऊबंदच.

चाचणीचा मुहूर्त महत्त्वाचा. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार फुललेला असतो. तेव्हा बगिच्याच्या वाऱ्यापुढे पॅरिसचे काही चालत नाही. मृगाच्या बहारातही तेच. उन्हाळ्यात कुलरच्या वाळ्याचा वास मध्ये तोंड घालतो, शिवाय मनगटावरचे अत्तर नाकापर्यंत यायच्या आत उडते. राहिले दिवाळीनंतरचे दिवस. तेव्हा कापूस विकून हाती पैसा आलेला असतो, असे या मार्गदर्शिकेपुरते गृहीत धरू.

डाव्या मनगटावर एक, उजव्यावर दुसरे. मनगटे एकमेकांवर घासू नका, लगेच हुंगूही नका. पहिला भपका स्पिरिटचा असतो, तो जाऊ द्या. चहा होईस्तोवर थांबा.

माझे मत विचाराल तर फिलोसिकोस. दुधाळ गोडवा विदर्भाच्या उन्हात डोक्यात जातो. पण अंतिम अधिकार घरातल्या आजीचा. दोन्ही हात तिच्यापुढे धरा. एका हाताला ती म्हणाली, “कायचं गवत कापून आला बे?” तर तो फिलोसिकोस, बिनधास्त घ्या. दुसऱ्याला म्हणाली, “पोट दुखून रायलं का? बेंबीले हिंग लावला का?” तर तो प्रमिए, आजीचे नाक शाबूत आहे. दोन्ही हात हुंगून ती काहीच बोलली नाही, तर माल नकली आहे. पावती शोधा.