कुळ, गोत्र, कॅरट

हिरा शुक्राचा. त्यामुळे शुक्र बिघडला की हिरा घाला, हा सल्ला आपल्याकडे ज्योतिषांनी पिढ्यान्‌पिढ्या दिला आणि सराफांनी तो मोठ्या श्रद्धेने जपला. आता पंचाईत अशी की, सुरतेच्या कारखान्यात तीन-चार आठवड्यांत वाढलेला हिरा शुक्राला चालतो का, हे कुणी शुक्राला विचारलेलं नाही. बहुतेक ज्योतिषी ‘खाणीतलाच हवा’ म्हणतात. पण शास्त्र पाहिलं तर बाजू उलटी आहे. पत्रिका मांडायला जन्मवेळ आणि जन्मस्थळ लागतं. खाणीतल्या हिऱ्याची जन्मवेळ म्हणजे शंभर ते साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी कधीतरी, आणि जन्मस्थळ म्हणजे जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर कुठेतरी. एवढ्यावर साधं टिपणसुद्धा निघणार नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचं यंत्र मात्र कधी चालू झालं आणि कधी बंद झालं, याची मिनिटासकट नोंद सापडेल. मंगळ आहे की नाही तेही सांगता येईल.

आमच्या आत्याबाईंनी हा गुंता आणखी जुन्या पद्धतीने सोडवला. नातवाच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला त्या सराफाकडे गेल्या. सोबत पिशवी धरायला आणि मत न द्यायला मी. दुकानातल्या मुलाने काळ्या मखमलीवर दोन अंगठ्या ठेवल्या. दोन्ही ऐंशी सेंटच्या, दोन्ही सारख्याच लखलखणाऱ्या. एकीच्या किमतीत दुसरीसारख्या आठ आल्या असत्या.

“फरक काय रे?”

“काही नाही काकू. दोन्ही हिरेच.”

“मग ही एवढी महाग कशी?”

“हा खाणीतला आहे. खरा.”

“म्हणजे तो खोटा?”

“छे छे, तोही खराच.”

आत्याबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि विचारलं, “पण घरचे कोण त्याचे?”

मुलगा गोंधळला, पण प्रश्न अचूक होता. अख्खा वाद एवढाच आहे. रूप सारखं, तेज सारखं, कठीणपणा सारखा, आतली अणूंची मांडणी सारखी. स्थळ सगळ्या बाजूंनी उत्तम, फक्त कुळ कळत नाही.

आणि कळत नाही म्हणजे खरोखरच कळत नाही. भिंग डोळ्याला लावून जन्म काढलेला पारखीसुद्धा दोन्ही हिरे समोर ठेवले तर छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यासाठी खडा अतिनील प्रकाशात धरून तो कसकसा वाढत गेला हे दाखवणारी यंत्रं लागतात. थोडक्यात, ज्या फरकासाठी माणसं लाखांनी रुपये मोजतात तो देणाऱ्याला दिसत नाही, घालणारीला दिसत नाही, विकणाऱ्याला दिसत नाही आणि जळणाऱ्या जावेलाही दिसत नाही. तो यंत्राला दिसतो, आणि यंत्राला कुणी लग्नाला बोलवत नाही. (अमेरिकन डायमंड वेगळा. तो झिर्कोनियाचा खडा, हिऱ्याशी त्याचं रक्ताचं नातं नाही. त्याने तसा दावाही कधी केला नाही, म्हणून मला तो या तिघांत सर्वांत सभ्य वाटतो.)

कार्बनचा हिरा करायच्या वाटा दोन. एक, निसर्गाची नक्कल: पन्नास-साठ हजार वातावरणांचा दाब आणि दीड हजार अंशांच्या आसपासची उष्णता देऊन कार्बनला शरण आणायचं. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या ट्रेसी हॉल यांनी हे जमवलं. पृथ्वीच्या पोटातलं गुपित माणसाच्या हाती दिल्याबद्दल कंपनीने आपल्याला दहा डॉलरचा बचतरोखा दिला, असं हॉल पुढे सांगत. दिवाळीला मिठाईचा पुडा हातावर ठेवणारे आपले मालक उगाच बदनाम आहेत. त्याच कंपनीतल्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी तर पीनट बटरपासून हिरा करून दाखवला. दाण्याचं कूट आपल्या घरात सात पिढ्या होतं. आपण त्याची काकडीची कोशिंबीर केली.

दुसरी वाट सबुरीची. हिऱ्याची पातळ चकती बी म्हणून बंद पेटीत ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, वायू तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा. मिथेनमधला कार्बन थरावर थर चकतीवर बसत जातो. या पद्धतीला सीव्हीडी म्हणतात आणि सुरतेत ती जोरात आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात या बियांवरचं आयातशुल्क माफ झालं. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना असा साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याची किंमत २०,००० डॉलर लावली आणि हिरा ‘सरकारी वापरासाठी’ ठेवून घेतल्याची नोंद केली. सरकारी कामात हिऱ्याचा वापर कसा करतात ते कळलं नाही. बहुधा काच कापायची असेल.

खाणवाल्यांचं म्हणणं असं की, प्रयोगशाळेतला हिरा कितीही हुबेहूब असला तरी तो खरा नव्हे. हे वाक्य आपल्या शेजारी, गोव्यात, तीनशे वर्षांपूर्वी गाजलेलं आहे. तोवर जगात हिरा म्हणजे जवळपास हिंदुस्थानचाच हिरा, गोवळकोंड्याकडचा. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि युरोपातल्या ज्या व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या हिंदुस्थानी मालाने भरलेल्या होत्या त्यांनी बोंब ठोकली की हे हिरे हलक्या प्रतीचे आहेत. गोव्याहून ब्राझीलला नेलेला हिंदुस्थानचाच गाळ आहे. मग पोर्तुगीजांनी काय करावं? असं सांगतात की, त्यांनी ब्राझीलचे हिरे खरोखरच गलबतात घालून गोव्याला आणले आणि तिथून ‘अस्सल हिंदुस्थानी’ म्हणून युरोपात विकले. मांडवीच्या पाण्याचा वारा लागला की दगडाचं गोत्र बदलत असे. खरा हिरा कोणता, हे तेव्हाही दगडावर ठरत नव्हतं. कुणाच्या तिजोरीत कुठला माल पडून आहे, यावर ठरत होतं.

ब्राझीलचं निस्तरेपर्यंत दक्षिण आफ्रिका उजाडली. किंबर्लेला माणसांनी कुदळी-फावड्यांनी सव्वादोन कोटी टनांच्या घरात माती-दगड उपसून एक प्रचंड खड्डा केला आणि त्यातून सुमारे २,७२० किलो हिरे काढले. इतके हिरे बाजारात सुटले तर ते गारगोटीच्या भावाने विकायला लागतील, हे सेसिल ऱ्होड्सच्या ध्यानात आलं. १८८८ साली त्याने डी बीअर्स उभी केली. खाणी एका हातात घ्यायच्या, माल दाबून ठेवायचा आणि चिमटीचिमटीने सोडायचा. आपल्याकडे कांद्याच्या बाबतीत हे कुणी केलं तर गोदामावर धाड पडते. हिऱ्याच्या बाबतीत केलं तर त्याला दुर्मिळता म्हणतात.

पण माल दाबून भागत नाही, मागणीही वाढवावी लागते. १९४७ साली एका जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी डी बीअर्ससाठी ‘हिरा कायमचा’ या अर्थाची ती चार शब्दांची इंग्रजी ओळ लिहिली आणि जगभरच्या नवऱ्यामुलांच्या खिशाला कायमचं भोक पडलं. गेरेटीबाई स्वतः जन्मभर अविवाहित राहिल्या. माल आत कसा तयार होतो हे ठाऊक असलेला हलवाई पेढे खात नाही, त्यातलाच प्रकार. रसायनशास्त्राप्रमाणे हिरा कायमचा वगैरे नसतो. ८००-९०० अंशांवर हवेत तो सरळ जळून जातो, हे लव्हॉजिएने अठराव्या शतकातच भर उन्हात भिंग धरून दाखवलं होतं. नाहीच जाळला तरी जमिनीवरच्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. आपला हिरा त्याच दिशेने निघालेला असतो. वेग मात्र इतका कमी की तोवर अंगठीचे हप्ते फिटतात.

त्या जाहिरातीचा प्रताप पाहा. जपानमध्ये १९६७ साली वाङ्‌निश्चयाला हिऱ्याची अंगठी मिळणाऱ्या नवऱ्यामुली शंभरात पाचही नव्हत्या. १९८१ पर्यंत त्या साठ झाल्या. आपल्याकडेही कागदाच्या पुड्यातली साखर हातावर ठेवून जमणारं लग्न आता सॉलिटेअरवर आलं. साखरेतही कार्बन असतोच, पण तिला प्रमाणपत्र मिळत नाही.

कुळाच्या अभिमानाचं सर्वांत रंगतदार नाटक मात्र अलीकडचं आहे. २०१८ साली डी बीअर्सनेच प्रयोगशाळेतले हिरे विकायला काढले, ‘लाइटबॉक्स’ नावाने, सरसकट ८०० डॉलर कॅरट. हेतू असा की, हा म्हणजे गंमतीचा, वाढदिवसाबिढदिवसाचा हिरा, लग्नाचा नव्हे, हे लोकांच्या मनात बसावं. दुसऱ्याच्या पोराला गावात नाव ठेवायला स्वतःच त्याला दत्तक घ्यायचं, असा हा डाव. लोकांनी भाव ऐकला, उपदेश ऐकला नाही. लॅबच्या हिऱ्यांचे दर घसरत राहिले आणि त्यांच्या मागोमाग खाणीतल्यांचेही. २०२४ मध्ये डी बीअर्सच्या मालकांनी, अँग्लो अमेरिकनने, ती कंपनी विकायला काढली आणि २०२५ मध्ये लाइटबॉक्सला कुलूप घालत असल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी हिऱ्यांना गुणपत्रिका देणाऱ्या जीआयएने ठरवलं की लॅबच्या हिऱ्यांना यापुढे रंगाची आणि शुद्धतेची बारीक श्रेणी द्यायची नाही; ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच लिहायचं. बहुतेक सगळेच पहिल्या वर्गात यायला लागले, तेव्हा मास्तरांनी गुणच देणं बंद केलं.

आता नीतीचा मुद्दा. लॅबवाले म्हणतात, आमच्या हिऱ्यावर रक्त नाही. हे खरंच आहे. सिएरा लिओन आणि अंगोलामध्ये हिरे विकून बंदुका घेतल्या गेल्या, म्हणून तर २००३ साली किंबर्ले प्रक्रियेचे दाखले सुरू झाले. आणि खानदानी हिऱ्यांच्या वंशावळी फार उकरू नयेत हेच बरं. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा नासाक हिरा १८१८ साली पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला तो दुकानात बिल करून नव्हे. पण लॅबवाले पुढे जाऊन ‘आमचा हिरा पर्यावरणस्नेही’ म्हणतात, तेव्हा विचारावंसं वाटतं की पेटी आठवडेच्या आठवडे तापती ठेवायची वीज कुठून येते? काहींकडे सौर आणि पवनऊर्जा आहे. बाकीच्यांची येते तिथूनच, जिथून आपल्या पंख्याची येते, आणि ती अजून मुख्यत्वे कोळशाचीच आहे. टनावारी कार्बन जाळून रतीभर कार्बन चमकवायचा, असा हा हिशेब.

खाणवाले लगेच बोट्स्वाना दाखवतात, आणि इथे टवाळी जरा आवरावी लागते. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिऱ्यांची खाण सापडली, आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. आज हिऱ्याचा भाव पडला की झळ त्या दवाखान्यांना लागते. इकडे सुरतेत घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराला तर कुळाचं काहीच सोयरसुतक नाही. खाणीतला असो वा पेटीतला, पैलू त्यालाच पाडायचे असतात आणि मजुरी नगावर. ऑगस्ट २०२४ मध्ये मागणी नाही म्हणून तिथल्या एका बड्या कंपनीने हजारो कामगारांना दहा दिवस घरी बसवलं. आदल्याच डिसेंबरात पेंटागॉनहून मोठी हिरेबाजाराची इमारत त्याच शहरात थाटात उघडली होती. घरी बसलेल्यांना बघायला काहीतरी हवंच.

तर आत्याबाई. त्यांनी मोडीचा भाव विचारला. लॅबचा परत घेत नाही, असं त्या मुलाने नम्रपणे सांगितलं. खाणीतला? घेऊ, पण घडणावळ जाईल, कर जाईल, शिवाय घट धरावी लागेल, आणि बदल्यात दुसरा दागिना घेतला तर बरं. आत्याबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. एकात थोडे पैसे सगळे जाणार, दुसऱ्यात पुष्कळ पैसे निम्मे जाणार. त्यांनी लॅबच्या अंगठीवर बोट ठेवलं. मला वाटलं, चला, कुळाचा प्रश्न निकालात निघाला.

तेवढ्यात आतून मालक आले. त्यांनी माणूस ओळखला. गल्ल्याजवळचा एक लहान खण उघडून तिसरी अंगठी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काकू, लॅबमध्येसुद्धा सगळे सारखे नसतात. काही चिनी असतात, दाबाने केलेले. आपला हा सीव्हीडी. त्यातही पुष्कळांना पिवळट-तपकिरी छटा येते, मग पुन्हा भट्टीत घालून रंग उतरवतात. हा तसला नाही. ॲज-ग्रोन. जन्मल्यापासून हात लावलेला नाही. तीस टक्के जास्त पडेल.”

“मग आधी नाही का सांगायचं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि पर्स उघडली.