अ‍ॅपच्या मीटरला सील कोण लावणार?

भाडेवाढ झाली की मुंबईतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्याला मीटर कॅलिब्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. फेब्रुवारी २०२५मध्ये किमान भाडं २८वरून ३१ रुपये झालं, तेव्हाही तेच. मीटर नव्या दराला जुळवा, तपासून घ्या, सील लावा. तीन रुपयांसाठी केवढा बंदोबस्त!

आणि अ‍ॅपचं मीटर? ते कोणी उघडून पाहिलंय?

चार थेंब पडले, लोकल रखडली, की भाडं उसळलंच. केंद्राच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला मूळ भाड्याच्या दीडपटीवर वेसण घातली. २०२५च्या सूचनांनी ती दुपटीपर्यंत सैल केली. वेसण आहे हो, फक्त दोरी लांब.

हजारो चालक भाडं स्वतः ठरवत नाहीत, अ‍ॅप सांगेल तेच घेतात. मग हे संगनमत नाही का? प्रकरण स्पर्धा आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०२०मध्ये तक्रार निकालात निघाली. चालकांनी आपसात काही ठरवलेलंच नाही, मग संगनमत कसलं?

बरोबर आहे. सगळ्यांच्या वतीने एकच जण ठरवत असेल, तर आपसात बोलायचं कशाला?

अ‍ॅप भाडं ठरवतं, तसंच चालकाला काढूनही टाकतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने २०२३मध्ये उबरच्या काही चालकांच्या प्रकरणात त्यावरच बोट ठेवलं. यंत्राने चालकांना काढलं, त्यात माणसाचा सहभाग नावापुरताच होता, असं म्हटलं. आपल्याकडे आयडी ब्लॉक झालेला चालक दाद मागायला जातो कुठे? त्याच अ‍ॅपच्या ‘हेल्प’मध्ये.

आता दंड. २०२५च्या सूचनांनुसार सबळ कारणाशिवाय फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये. चालकालाही, प्रवाशालाही. समान न्याय!

पण रद्द केली कोणी? फोन येतो: “ड्रॉप कुठेय? कॅश की ऑनलाइन?” उत्तर पटलं नाही की नकाशावरची गाडी टपरीपाशी रुतते. दहा मिनिटांनी: “साहेब, तुम्हीच कॅन्सल करा ना.” वैतागून तुम्ही बटण दाबता. गुन्हेगार सापडला!

गाडी जागची हलली नाही, हे जीपीएसला ठाऊक असतं. दंड लावताना ते विचारात घ्यायचं की नाही, हे मात्र कंपनीचा प्रोग्रॅमर ठरवणार.

या मीटरला सील लागेल तोवर ‘तुम्हीच कॅन्सल करा’ ऐकलंत तर बटणाला हात लावू नका. आधी स्क्रीनशॉट काढा.