थापांचा इन्स्पेक्टर

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, प्रेस शॉपच्या तोंडाशी एका हातात मस्टर आणि दुसऱ्यात कटिंग घेऊन हा उभा असतोच. लाइनचा सुपरवायझर. "डोळ्यांत बघून थाप ओळखतो," हे त्याचं ब्रीद.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला दरबार भरतो.

"साहेब, काल आजी वारली."

"कुठली?"

"आईची आई."

"ती दिवाळीत गेली. आता शिल्लक कोण, तेवढं लिहून दे."

पोरगं गार. डोळ्यांत मात्र साहेबांनी बघितलेलंच नसतं. मस्टरच्या मागच्या पानावर पोरांच्या आज्या, मावश्या आणि गावोगावच्या जत्रांच्या तारखा टिपलेल्या असतात. चैत्र लागला की जुन्नर-साताऱ्याकडच्या पोरांना जुलाब का होतात, त्याचं निदान तिथंच होतं.

मस्टर काढून घेतलं तर? अमेरिकेत पॉल एकमन आणि मॉरीन ओसुलिवन या मानसशास्त्रज्ञांनी 1991 साली पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ अशा तालेवार मंडळींची थाप ओळखण्याची परीक्षा घेतली. राष्ट्राध्यक्षांना सांभाळणारी सीक्रेट सर्व्हिस तेवढी पास झाली. बाकीच्यांनी नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. पुढे 2006 साली असे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले गेले, तर सरासरी निघाली शंभरात 54. शंभरात 46 पीस रिजेक्ट काढणारी मशीन आमचे साहेब त्याच दिवशी भंगारात देतील.

मागे एक नवा ट्रेनी ताप आलाय म्हणून सांगायला आला. मान खाली, शब्द अडखळत. "थापा मारतोस!" म्हणून साहेबांनी त्याला मशीनवर पाठवला. दुपारी तो तिथंच आडवा झाला. पोरगं घाबरलं होतं ते साहेबांनाच. उलट, मुरलेला ऑपरेटर छातीठोकपणे सांगतो, "चाकणला तळेगाव चौकात अडकलो होतो," आणि साहेब निमूट सही करतात. त्या चौकाचं नाव घेतल्यावर ब्रह्मदेवही शंका घेणार नाही.

इतक्यात फोन वाजतो. चाकणच्या मोठ्या कंपनीचा फॉलोअपवाला.

"माल निघाला का?"

"कधीच! मोशीच्या सिग्नलला असेल."

टेम्पो समोर उभा. ड्रायव्हर तंबाखू मळतोय, हेल्पर बिन चढवतायत.

"लोकेशन पाठवा की जरा."

"ड्रायव्हरला रेंज नाही हो," साहेब पापणी न हलवता सांगतात.

पलीकडचाही जुना सुपरवायझरच.

"बरं. मग तो मोशीला डिझेल भरायला थांबेल ना?"

"थांबेल की. अर्धा तास."

"आणि पंक्चर?"

"काढावं लागेल बहुतेक."

"चारपर्यंत काढा म्हणावं. साडेचारला लाइन थांबते माझी."